बेचाळीस पानांची नीती आणि आम्ही चौघं

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाभोवती बसून डबा खात असली की किस्से आपोआप साठत जातात. ते कुणी लिहून ठेवत नाही, कारण लिहायची कामं आधीच पुरून उरलेली असतात. मग कधीतरी कुणी जुना माणूस चहाला येतो, कुणीतरी म्हणतं, "अहो, त्या माशांचं सांगा ना!" आणि दुपार कामातून जाते.

आमच्याकडे तर किस्से साठायला एक खास कारण घडलं. आमच्या संस्थेत नीती आली! आधी नव्हती असं नाही. पण ही पुण्याहून आली, बेचाळीस पानांची, स्पायरल बाइंडिंग केलेली.

झालं असं, की आमची संस्था छोटी. जुन्नरला स्टँडच्या मागं, हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत काम. शिवणवर्ग, पाण्याच्या टाक्या, आणि दरवर्षी एका मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा आणि हॉस्टेलचा तीन वर्षांचा पूर्ण खर्च. अध्यक्षबाई पुण्यात राहतात. त्यांना देणगी देणाऱ्या मोठ्या मंडळींनी सांगितलं, "स्टाफसाठी नीतिधोरण असल्याशिवाय पुढची मदत नाही." बाईंनी कुणाकडून तरी धोरण लिहून घेतलं आणि मला फोन केला, "शैलाताई, आजपासून तुम्ही नीतिधोरण अधिकारी."

मी आधी शाळेत क्लार्क होते. मला रजिस्टर दिसलं की आखून ठेवावंसं वाटतं. त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. पगार तेवढाच राहिला, पण दारावर पाटी लागली.

* * *

सोमवारी सगळ्यांना समोर बसवून मी धोरण मोठ्यानं वाचायला घेतलं. सगळे म्हणजे तिघं. गावोगाव फिरणारा बबन, अवसरी बुद्रुकचा. शिवणवर्ग घेणाऱ्या पुष्पाताई, महाळुंगे पडवळच्या. आणि ड्रायव्हर रशीदभाई, इथलेच जुन्नरचे, अठरा वर्षं संस्थेची जीप चालवणारे.

लाभार्थ्यांकडून भेटवस्तू घेऊ नये. संस्थेची गाडी घरच्या कामाला नेऊ नये. दुसऱ्याची सही करू नये. ऑफिसात मद्यपान करू नये. नातेवाइकांना फायदा करून देऊ नये. अकराव्या पानावर मी पाणी प्यायला थांबले, तर रशीदभाईंनी हात वर केला.

"मॅडम, हे सगळं आधी कुणी केलं व्हतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी केल्याबिगर एवढं लिव्हतील कशाला? आपल्यातलं कोण व्हतं?"

पुष्पाताई तर अर्धा मिनिट बबनकडे टक लावून बघत होत्या. बबन म्हणाला, "माज्याकडं काय बघताय? मी माळकरी माणूस हाय." उरलेली एकतीस पानं आम्ही दुसऱ्या दिवसावर ढकलली.

* * *

धोरणाबरोबर एक फॉर्म होता. स्टाफपैकी प्रत्येकानं आपले कोणते नातेवाईक संस्थेचा लाभ घेतात ते त्यात लिहून द्यायचं. त्यासाठी पाच ओळी आखलेल्या.

पुष्पाताईंनी दोन ओळी भरल्या. बबन मात्र दुपारपर्यंत मान खाली घालून लिहीत होता. मग आला आणि परीक्षेतल्या पोरासारखा म्हणाला, "मॅडम, पुरवणी द्या."

मी दिली. चार वाजता परत आला. "अजून एक."

"अरे, किती नातेवाईक आहेत तुला?"

"मॅडम, अवसरीत आमची भावकीच निम्मी. ऱ्हायलेल्या निम्म्यात आमच्या पोरी दिल्यात न्हाईतर त्यांच्या केल्यात. पाण्याच्या टाक्या सगळ्या गावाला दिल्या, मग मी सोडू कुणाला?"

मी ती तीन पानं पुण्याला पाठवली. अध्यक्षबाईंचा फोन आला. "शैलाताई, या माणसाच्या नात्यात नसलेलं त्या गावात कोणी आहे का?"

मी बबनला विचारलं. तो बराच विचार करून म्हणाला, "हाय की. पोस्टमन. त्यो खेडचा हाय." आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आला. "न्हाई मॅडम, त्यानं बी गेल्या साली पोरगी आमच्यात दिली. त्याला पण लिव्हा!"

हसून हसून पुष्पाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रशीदभाईंनी त्यांचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. एकच ओळ भरलेली. "अल्फिया, मुलगी. नर्सिंगच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला आहे."

माझं हसू गेलं. अल्फियानं अर्ज केला तेव्हा हे धोरण जन्मालाही आलं नव्हतं. बाहेरच्या तीन शिक्षकांनी मुलाखती घेतल्या होत्या आणि निकालाची यादी दोन दिवसांपूर्वी बंद पाकिटात माझ्याकडे आली होती. ती मीच टाइप केली. पहिलं नाव अल्फियाचं होतं. दुसरं डिंभ्याच्या काजलचं. आणि धोरणाच्या एकोणिसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की स्टाफच्या मुलाबाळांना संस्थेचा कोणताही लाभ देता येणार नाही.

पुण्याच्या एकाच नर्सिंग कॉलेजात दोघींचाही नंबर लागला होता. प्रश्न फक्त खर्चाचा. ड्रायव्हरच्या पगारात तो बसणारा नव्हता, हे मला रशीदभाईंइतकंच माहीत होतं.

"रशीदभाई," मी म्हटलं, "हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. जुना अर्ज आहे."

"विचारलंय म्हणून लिव्हलं," ते म्हणाले आणि जीप पुसायला खाली गेले.

मी फॉर्म पुण्याला पाठवला आणि वर एक चिठ्ठी लावली, की याचा निर्णय मीटिंगमध्ये व्हावा. मीटिंग दीड महिना लांब होती.

* * *

आता चहाचं सांगते. धोरण म्हणत होतं, लाभार्थ्यांच्या घरी पाहुणचार स्वीकारू नये. हे लिहिणारा माणूस आमच्या भागातल्या एखाद्या ओट्यावर कधी टेकला नसावा.

बबन महाळुंग्याला टाक्या बघायला गेला. पहिल्या घरी म्हणाला, चहा नको. दुसऱ्या घरी म्हणाला, चहा नको. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बातमी पुढं गेलेली. "बबनरावाला साखर निघाली!" चौथ्या घरातल्या बाईनं कारल्याचा रस काढून ठेवला होता. तोही पाहुणचारच, म्हणून तोही नको. मग गावात बोलणं सुरू झालं, की संस्था बंद पडणार आहे आणि हा माणूस आता तोंड चुकवतोय.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण कडेच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं कप पुढं केला आणि बबन नको म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "का रं बाबा? एवढी वर्षं पीत व्हतास. आता आमच्या घरचं चालंना का तुला?"

संध्याकाळी बबन ऑफिसात येऊन म्हणाला, "मॅडम, तिनं कप आत नेला न्हाई. तशीच धरून हुबी ऱ्हायली. मी दोन कप पिलो. काय शिक्षा असंल ती लिव्हा."

मी भेटवस्तूंचं रजिस्टर उघडलं. त्यात चार रकाने होते. वस्तू, कोणाकडून, परत केल्याची तारीख, शेरा. मी लिहिलं, "चहा, दोन कप. परत करणे शक्य झाले नाही."

अध्यक्षबाईंनी ते वाचलं आणि तासाभरात त्यांचा मेसेज आला, की चहा-पाणी या कलमातून वगळलं आहे. बाई मनानं चांगल्या आहेत. त्यांना फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

* * *

चहा सुटला, पण मासे सुटले नाहीत.

डिंभ्याला धरणाकाठी सखूबाई म्हणून एक बाई आहेत. संस्थेनं त्यांना जाळी घ्यायला मदत केली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी देत. पिशवीत मासे. आम्ही ते वाटून घरी नेत असू आणि त्यात कुणाला काही गैर वाटलं नव्हतं.

आता धोरण आलेलं. भेटवस्तू चोवीस तासांत परत करायची! मी पिशवी उघडलीसुद्धा नाही. त्याच कंडक्टरच्या हाती परत पाठवली. आता डिंभ्याची एसटी तुम्हाला माहीत नसेल. ती येते तेव्हा येते. त्या दिवशी ती वाटेत घोडेगावला बंद पडली आणि पिशवी दुसऱ्या दिवशी दुपारी डिंभ्याला पोचली. एसटीतल्या लोकांनी काय सोसलं असेल ते असो.

सखूबाईंचा फोन आला. "मॅडम, मासं खराब व्हते का?"

"नाही हो, चांगलेच होते. पण आमच्याकडे नियम आलाय. भेट घेता येत नाही. घेतलीच तर कमिटीपुढं ठेवावी लागते."

"कमिटी कधी बसती?"

"महिन्या-दोन महिन्यांनी."

"बरं," सखूबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पिशवी आली. आत चांगले खडखडीत सुकवलेले मासे! पाठोपाठ फोन. "मॅडम, आता कमिटी कधी बी बसू द्या. हे वरीसभर खराब व्हत न्हाईत. परत धाडायचं तर कितींदा बी धाडा."

ती पिशवी मीटिंगपर्यंत माझ्या कपाटावर होती. हार्डवेअरवाल्या शेटजींनी दोनदा वर येऊन विचारलं, की उंदीर मेलाय का!

* * *

फोटोचंही एक कलम आहे. लाभार्थ्यांचा फोटो काढण्याआधी त्यांची लेखी संमती घ्यायची. चांगलं कलम आहे, मला मनापासून पटतं. पुष्पाताईंनी शिवणवर्गातल्या बारा बायकांना फॉर्म वाचून दाखवला, सह्या घेतल्या आणि मोबाइलनं फोटो काढला.

बायकांनी फोटो बघितला. एकीचे डोळे मिटलेले, एकीचा पदर सुटलेला. पुष्पाताई म्हणाल्या, "असू द्या, झालं काम."

"असू द्या कसं?" त्यातली एक म्हणाली. "आमी सही केलीय. आता चांगला येईस्तोवर काढायचा!"

त्या दिवशी एकही ब्लाउज शिवून झाला नाही. पुण्याला सत्तेचाळीस फोटो गेले.

* * *

गाडीचं कलम रशीदभाईंनी सगळ्यात मनावर घेतलं. जीपमध्ये एक वही ठेवली. निघालो कधी, पोचलो कधी, काम सरकारी की घरचं. आमच्याकडे संस्थेच्या कामाला सगळे सरकारीच म्हणतात.

एकदा अध्यक्षबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना परत सोडायला जीप निघाली, मीही बरोबर होते. नारायणगावजवळ बाईंना रस्त्याकडेला टोमॅटो दिसले. लालबुंद, ताजे. "रशीदभाई, दोन मिनिटं थांबता का? घरी घेऊन जाते थोडे."

जीप थांबली. बाई उतरल्या, बघितले, घासाघीस केली, अर्धं क्रेट घेतलं. परत येऊन बसल्या तर रशीदभाईंनी वही आणि पेन पुढं केलं.

"काय हे?"

"सही, मॅडम. नारायणगाव, टोमॅटो, घरचं काम, थांबा चौदा मिनिटं."

मला वाटलं, आता रस्ता फाटून मला पोटात घेईल तर बरं! बाईंनी चष्मा लावला, सगळं वाचलं आणि सही केली. चाकणच्या पुढं बाई हळूच म्हणाल्या, "चौदा नव्हती हो झाली. अकरा असतील."

"पुढच्या खेपेला घड्याळ लावून बघू," रशीदभाई म्हणाले.

* * *

तक्रारपेटीची गंमत त्याहून मोठी. जिन्यात एक लोखंडी पेटी लावली. कुणीही निनावी तक्रार टाकावी. आणि आम्ही चौघांनी ती उघडू नये म्हणून किल्ली पुण्याला!

दीड महिन्यानं मीटिंगच्या दिवशी अध्यक्षबाई किल्ली घेऊन आल्या. सगळ्यांदेखत पेटी उघडली. आत एक लग्नपत्रिका होती, आणि लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. दोन आधारकार्डांच्या झेरॉक्स होत्या. डिंभ्याची एसटी वेळेवर सोडावी, असा एक अर्ज होता. आणि शिवणवर्गातल्या कापड कापायच्या खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक तक्रार होती. "मॅडम पंख्याखालची खुर्ची कुणाला देत नाहीत."

बाईंनी गंभीरपणे मला विचारलं, "यावर तुमचं म्हणणं?"

मी काय म्हणणार? खरंच देत नाही. तेवढ्यात पुष्पाताई काळजीनं पुढं वाकल्या. "मॅडम, निनावी हाय, पण वाचता येतंय ना नीट? न्हाईतर परत लिवून देते!"

पेटीच्या तळाशी आणखी सहा चिठ्ठ्या होत्या. सहा निरनिराळी अक्षरं आणि मजकूर एकच. "अल्फियाचा नंबर पहिला आला आहे. तिला शिष्यवृत्ती द्यावी." निकाल मी कुणाला सांगितला नव्हता. पण यादी टाइप केली तेव्हा प्रिंटर पुष्पाताईंच्या टेबलाशेजारी होता, आणि त्यांना वाचता येतं.

* * *

मग मीटिंगमध्ये तोच विषय पहिला आला. धोरणात असं आहे, की ज्याच्याबद्दल चर्चा असेल त्यानं बाहेर जायचं. रशीदभाई खाली जीपपाशी जाऊन उभे राहिले.

आत आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत. बबन म्हणाला, पोरगी हुशार आहे. पुष्पाताई म्हणाल्या, ती माझ्यासमोर वाढली. मी म्हटलं, अर्ज आधीचा आणि नियम नंतरचा. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे कलम पुढच्या वर्षापासून लागू करू या." सगळ्यांचे हात वर. बबन पेढे आणायला उठलासुद्धा. मला इतका आनंद झाला होता, की मी ठराव सगळ्यात चांगल्या पेनानं लिहिला.

रशीदभाईंना वर बोलावलं. बाईंनी ठराव वाचून दाखवला. ते उभेच होते.

"मॅडम, यादीत दुसरं नाव कुणाचं हाय?"

"काजल म्हणून मुलगी आहे. डिंभ्याची."

"ती आलीय का आज?"

"नाही. तिला कशाला बोलवायचं?"

"मी बाहेर गेलो," ते म्हणाले, "पण माज्या बाजूनं बोलाया तुमी चौघं आत व्हता. त्या पोरीच्या बाजूनं कोण व्हतं?"

बेचाळीस पानांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडून ठरावाचा कागद मागून घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

खरं सांगते, मला रशीदभाईंचा फार राग आला. स्वतःचं काहीही सोडावं माणसानं, पोरीचं का सोडावं? अल्फियालाही राग आला. ती चार दिवस वडिलांशी बोलली नाही. सर्टिफिकेटं परत न्यायला ऑफिसात आली तेव्हा माझ्याशीही धड बोलली नाही, आणि ते योग्यच होतं. रशीदभाईंनी इथल्याच एका मेडिकल दुकानात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. कॉलेजातली जागा शनिवारपर्यंत राहणार आणि मग जाणार होती.

* * *

आणि आता हा शेवटचा.

काजलचं पत्र तिच्या घरी पोचवायचं होतं. तिलाही शनिवारीच कॉलेजात हजर व्हायचं होतं. तिच्या घरचा फोन लागत नव्हता, एसटीचा भरवसा नव्हता आणि गुरुवार उजाडला होता. मी रिक्षा ठरवायला निघाले. रशीदभाईंनी जीपचं दार उघडून धरलं. "रिक्षा कशाला? ड्यूटी हाय माजी."

घोडेगाव मागं पडलं तरी माझा राग गेला नव्हता.

काजलचं घर धरणाच्या वरच्या अंगाला. ती अंगणात भांडी घासत होती. तिची आई हिराबाई आतून आली. मी पत्र वाचून दाखवलं. काजल हात न धुताच उभी राहिली. पण हिराबाई म्हणाली, "न्हाई मॅडम. न्हाई धाडायची."

मला वाटलं, तिला कळलं नसेल. मी परत सांगितलं. सगळा खर्च संस्था करणार. हॉस्टेल कॉलेजच्या आवारातच. रेक्टरबाई आहेत, वॉचमन आहे, कॅमेरे आहेत.

"असू द्या. तिथं आमच्या वळखीचं कोण हाय? ही घोडेगावच्या पलीकडं कधी एकली गेली न्हाई. आजारी पडली तर तिच्या उशाला कोण बसल? तुमचा कॅमेरा?"

मी आणखी अर्धा तास बोलले. जेवढं शिकले होते तेवढं सगळं बोलले. हिराबाई मान हलवत राहिली. काजल परत भांड्यांपाशी जाऊन बसली, पण घासत नव्हती.

खोटं कशाला सांगू, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मनात आलं, ही नाही म्हणाली तर अध्यक्षबाईंना अजून एकदा विचारता येईल. आता तर दुसऱ्या मुलीचाही प्रश्न उरणार नाही. मी पत्राची घडी घातली आणि पर्स उघडली.

रशीदभाई गाडीत घालायला पाणी मागायला आले होते. ते हातात बाटली घेऊन ओट्याशी उभे होते. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि अंगणातच उकिडवे बसले.

"ताई," ते म्हणाले, "माजी पोरगी बी त्याच कॉलेजात चाललीय."

हिराबाईनं पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"खरं का भाऊ?"

"तिचा बी नंबर लागलाय. दोघी एका खोलीत ऱ्हातील. शनिवारी मीच घेऊन जाणार हाय, जाताना हिला बी इथनं घेतो. तुमी बी चला, खोली बघून या."

हिराबाई विचारात पडली. तिचा आवाज खाली आला. "तुमची पोरगी झोपताना लाइट घालवती का? आमच्या पोरीला अंधार सोसत न्हाई."

"ती वाचत बसती, ताई. लाइट चालूच असती. त्याच्यावरनं आमच्या घरी रोज भांडण हाय."

हिराबाई हसली. मग काजलकडे बघून म्हणाली, "आता रडतीस काय? हात धू आणि सही कर."

आम्ही निघालो तेव्हा तिनं चहा दिला. मी दोन कप प्यायले.

घाट उतरेपर्यंत मी स्वतःला आवरलं. माझ्या मनात हजार गोष्टी येत होत्या. कर्ज काढलं असेल, कुणी नातेवाईक पुढं आला असेल, दागिना मोडला असेल. इतके दिवस एका टेबलावर जेवतो आणि या माणसानं मला काही सांगितलं नाही! शेवटी घोडेगावच्या अलीकडे राहवेना.

"रशीदभाई, अल्फियाचं जमलं आणि मला बोलला नाहीत? कसं जमवलंत?"

"न्हाई जमलं, मॅडम."

"म्हणजे?"

"अजून काय बी न्हाई जमलं."

समोरून एसटी आली, ती डिंभ्याचीच असावी. रशीदभाईंनी जीप बाजूला घेऊन तिला वाट दिली. मी दारावर पाटी असलेली बाई. बोलणं भाग होतं.

"रशीदभाई, त्या माउलीशी तुम्ही चक्क खोटं बोललात!"

त्यांनी गिअर टाकला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले,

"खोटं न्हाई, मॅडम. खरं व्हायला अजून दोन दिवस हायेत."